दोब्रिंकाची मान

दोब्रिंकाने गावच्या टपाल कचेरीची खिडकी तीस वर्षं सांभाळली, पण या बाईचा आवाज फारसा कुणी ऐकला नाही. पेन्शन आलं का, असं विचारलं की तिची मान डावी-उजवीकडे हलायची आणि म्हातारे खुशीत रांगेला लागायचे. मान वर झटकली की आल्या पावली परत. आम्हा बल्गेरियन लोकांचं हो-नाही असंच असतं; दोब्रिंकाचं मात्र सगळं बोलणंच मानेत.

नातीचं, इवाचं, लग्न रविवारवर आलं. "आजी, तुझ्या लग्नात होती तशी पिवळी रजई हवी," एवढंच पोरीनं मागितलं होतं. लोकर भरलेली, साटिनची, हातानं टाचलेली रजई आता गावात कुणी शिवत नाही. म्हणून शुक्रवारी बाजाराच्या बसनं दोब्रिंका सीमेपलीकडे, तुर्कांच्या एदिर्नेला निघाली. "लहानपणी शेजार तुर्कांचाच होता, मला येतं त्यांचं बोलणं," असं तिनं बसमध्ये सांगून टाकलं. जन्मात एकदा फुशारकी मारली, तीही नेमकी गान्काशेजारी बसून. गान्काला कळलं म्हणजे गावाला कळलं.

रजईवाल्या नेजातकडे पिवळी रजई एकच उरली होती. ती पाहून दोब्रिंकाचे होते नव्हते ते चार तुर्की शब्द पळाले.

"घ्यायची का, मावशी?" नेजातनं विचारलं.

एवढं तिला समजलं. तिनं मान डावी-उजवीकडे हलवली. नेजातनं बोटांवर किंमत उतरवून दाखवली. काय भला माणूस, असं वाटून तिनं आणखी जोरात हलवली. त्यानं आणखी उतरवली.

"आता काय फुकट देऊ?" असं पुटपुटत त्यानं रजईची घडी घातली. दारातली दुसरी गिऱ्हाईक बाई टपलेलीच होती. "मला द्या," म्हणत तिनं हात पुढे केला.

दोब्रिंकानं झेप घेऊन रजईचं टोक धरलं.

"काय गं, तुर्की संपलं वाटतं?" मागोमाग आलेल्या गान्कानं दाराबाहेरून टोमणा मारला.

तेवढ्यात कोपऱ्यात लोकर पिंजत बसलेली नेजातची आई, शेफिका, उठली. "अरे गाढवा, ती मघापासून हो म्हणतेय! माझी मान अशी हलताना कधी बघितली नाहीस? 'आई, हो की नाही ते तोंडानं सांग,' म्हणून लहानपणापासून ओरडतोस ना माझ्यावर?"

मग ती वळली आणि चक्क आमच्या भाषेत म्हणाली, "कुठली गं तू, बाई?"

"हरमानलीजवळची."

"मी कर्जालीकडची. एकोणनव्वदला सरकारनं आम्हा तुर्कांना बल्गेरियातून घालवलं, तेव्हा हा कडेवर होता."

गिऱ्हाईक बाईनं हसत हात मागे घेतला. दोब्रिंकानं पहिली किंमतच नेजातच्या हातावर ठेवली, पण तिचं लक्ष रजईत राहिलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात शेजारची तुर्क कुटुंबं बोचकी घेऊन रस्त्यानं जात होती. तिनं ते खिडकीमागून बघितलं होतं. जाऊ नका, असं म्हणावंसं वाटलं होतं. म्हणाली नव्हती. ते आजवर तिला सलत होतं.

"परत कधी आली नाहीस?" तिनं विचारलं.

"पासपोर्ट आहे. पण तिथं माझं कोण उरलंय? कुणाच्या दारात जाऊ?" शेफिका रजई बांधत म्हणाली. "लग्नाची रजई दिसते. तिकडे लग्नात अजून नवरा-नवरी पाव दोन्हीकडून ओढून तोडतात का गं?"

दोब्रिंकाची मान हलली.

"बघायला आवडलं असतं."

"रविवारी तोडतील. माझ्याच अंगणात."

शेफिकाचे हात दोरीवर थांबले. "येऊ?"

दोब्रिंकाची मान पुन्हा हलली, डावीकडे, उजवीकडे. पण या खेपेला तिला तेवढं पुरेसं वाटलं नाही.

"ये," ती म्हणाली, बाहेर उभ्या गान्कालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.