ओर्वियेतोचा डोंगर आणि आमची पांढर

इटलीला निघायच्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी घरामागच्या पांढरीवर चढलो. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचा मातीचा उंचवटा. झरी या आमच्या गावात आमच्या वाट्याला तिचा एक तुकडा आला आहे. थोरल्या दादांना तो जेसीबीनं सपाट करायचा होता. माती शेताला, जागा गोठ्याला. माझा होकार तेवढा बाकी होता.

"तू येईस्तोवर थांबतो," दादा म्हणाले. "मग मात्र कारणं सांगू नको."

मुलगी रोमला शिकते. तिच्या हट्टानं मी आणि बायको तिच्यासोबत ओर्वियेतोला गेलो. रोमहून साध्या रेल्वेनं सव्वा तास लागतो. गाव उभ्या कड्यावर आहे. स्टेशनासमोरून दोरानं ओढला जाणारा डबा वर नेतो. तिकीट स्वस्त आहे, पायी चढायच्या भानगडीत पडू नका. वर जेवण महाग, म्हणून आम्ही भिंतीला टेकून घरचे धपाटे खाल्ले.

पट्ट्यापट्ट्यांच्या मोठ्या चर्चच्या दारात आम्ही दोघांनी बूट काढले. राखणदारानं घाला म्हणून खुणावलं. बायको त्याला हात जोडून मोज्यांवरच आत गेली, मी तिच्या मागं.

दुपारी जमिनीखालचं गाव पाहिलं. अडीच हजार वर्षांपूर्वी इथं एट्रस्कन लोक राहत. त्यांनी खडकात खोदलेल्या विहिरी अजून आहेत. पुढं रोमनांनी गाव मोडून माणसं हलवली. काही शतकांनी लोक पुन्हा वर आले. वाटाड्या बाईंचं बोलणं मुलगी मराठीत सांगत होती. घरं बांधायला लोक आपल्याच घराखालचा मऊ दगड काढत राहिले, शेवटी खोदाईवर बंदी आली.

बायको म्हणाली, "म्हंजी हितंबी दादा होतेच की."

मीही हसलो. पण विहिरीत वाकलो तेव्हा आमची पांढर आठवली. पावसानंतर तिच्यातून खापरं, बांगड्यांचे तुकडे वर येतात. ते कुणाचे, हे गावात कुणाला सांगता येत नाही.

परत आल्यावर दादांना नको म्हणालो. ते चिडले. "एक डोंगर बघून आलास अन् मला शिकवायलास? जनावरं काय इटलीत बांधू?"

त्यांचंही खरं होतं. रस्त्याकडेची जागा मी स्वतंत्र घरासाठी राखली होती. ती गोठ्याला द्यावी का, बायकोला विचारलं. "देऊन टाका," ती म्हणाली. "ऱ्हायला घर हाय की आपल्याला."

सोमवारी जेसीबी आला. चालकाला मी पांढरीपासून वळवून माझ्या जागेत नेलं आणि गोठ्याच्या खांबांचे खड्डे तिथं घेतले.