इंदापूरच्या दाजींनी निवडलेली बाबागाडी

जगातल्या प्रत्येक वस्तूला एक चाल असते आणि ती चाल मागून पाहिल्याशिवाय वस्तू घरात आणायची नसते, असे ठामपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो आपल्या नात्यातच निघाला. मुलांनो, तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला इंदापूरला. आजोबा त्यांना दाजी म्हणत, म्हणून मीही दाजीच म्हणे. गावात त्यांना लहानथोर सगळे आबा म्हणत. त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरे राखली, वडिलांनी शेती धरली, आणि दाजींनी शेती सांभाळून बैल पारखण्याची कला अशी कमावली की कन्हेरीपासून पार मोरगावपर्यंत कुणाला बैलजोडी घ्यायची असली, की आधी दाजींना एस.टी.त बसवून न्यायचे. बाकीचे लोक बैलाचे दात बघत, शिंगे बघत, मालकाच्या गोड बोलण्याकडे बघत. दाजी सरळ मागे जायचे. बैलाला वीस पावले चालवायला लावायचे, उकिडवे बसून त्याचे मागचे पाय बघायचे, आणि काहीही न बोलता उठून चहाला जायचे. अर्धा कप झाला की निर्णय. त्याआधी कुणी कितीही विचारले तरी एकच शब्द, ‘‘बगू.’’

ही रीत बैलांपुरती राहिली असती तर मला लिहायला काही नव्हते. पण दाजी चप्पल घ्यायला गेले तरी ती दुकानदाराच्या पायात घालून त्याला रस्त्यावर चालवत. छताचा पंखा घेताना त्यांनी शिडी मागितली, कारण ‘‘ह्याची मागली बाजू वर हाय.’’ एकदा घरातल्या पुतणीला बघायला पाहुणे आले. आम्ही सगळे मुलाची नोकरी, शिक्षण, घरची माणसे यांची चौकशी करण्यात गुंतलो होतो. दाजी मुलाला म्हणाले, ‘‘चला, आमची हीर बगून यिऊ,’’ आणि त्याला पुढे घालून स्वतः दहा पावले मागून विहिरीपर्यंत जाऊन आले. आल्यावर त्यांचा चहा अर्धा होईपर्यंत घरातल्या बायकांचा जीव टांगणीला. मग म्हणाले, ‘‘डावा बूट चावतोय पोराला. नवा हाय. आपल्याकडं यायचं म्हणून घेतलाय आन् तोंडातनं हूं की चूं न्हाय. द्या पोरगी.’’ ते जोडपे आज सुखात आहे. नोकरीची चौकशी केलेल्या आम्हा लोकांना मात्र बूट दिसलासुद्धा नव्हता.

आता बाबागाडीकडे येते. त्यासाठी आधी वन्संचे, म्हणजे दाजींच्या बायकोचे, सांगायला हवे. नव्वदनंतरची काही वर्षे गेली असतील, तेव्हा वन्संना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणे परत आले, हातही बऱ्यापैकी चालू लागला. पण डावा पाय जमिनीवरून घासत राहिला. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावले की रोज चालायला हवे, नाहीतर आहे तो पायही धरेल. काठी आणली. वन्संनी ती दाराआड उभी केली ती केलीच. ‘‘काठी घिऊन गल्लीतनं जाऊ? आयाबाया काय म्हणतील, म्हातारी झाली म्हणून?’’ असे म्हणून त्या घरात बसल्या. ज्या बाईच्या आवाजावर गल्ली उठायची, ती वर्षभर उंबरठ्याबाहेर गेली नाही. दाजींनी समजावले, चिडले, अबोला धरला. कशाचाही उपयोग झाला नाही. दर आठवड्याला ते बारामतीला आमच्याकडे यायचे, खुर्चीत बसायचे आणि बैलांविषयी एक शब्द न बोलता जायचे. इतके गप्प दाजी मला बघवत नसत.

त्या वर्षी तुमच्या बाबांचे इंग्लंडहून पत्र आले की डिसेंबरात सगळे येत आहोत. सई, तू तेव्हा अकरा महिन्यांची होणार होतीस आणि तुला बाबागाडीची इतकी सवय होती की कडेवर झोपच येत नसे. जुनी गाडी मोडकळीला आली होती. नवी घ्यायची तर इथल्या रस्त्यांवरही चालेल अशी घेऊ, तुम्हीच सांगा कुठली, म्हणून बाबांनी एका दुकानाच्या माहितीपुस्तकाची पाने पाठवली. मी ती इंदापूरला दाखवायला नेली. वन्संनी फोटो बघितला आणि सहज म्हणाल्या, ‘‘हिला धरून चालता येतंय की. पोरीला रोज मी फिरवीन.’’ दाजी भिंतीला टेकून बसले होते, ते ताठ झाले. वर्षभरात बाहेर जाण्याची गोष्ट वन्संच्या तोंडून पहिल्यांदाच निघाली होती. त्या क्षणापासून बाबागाडीची निवड बाबांच्या हातून गेली, माझ्या हातून गेली आणि दाजींकडे आली.

मी माझ्या सवयीप्रमाणे तक्ता केला होता : वजन, लांबी-रुंदी, घडी कशी होते, पट्टे किती. दाजींनी तो आदराने बाजूला ठेवला. फोटोचे पान उलटे करून बघितले, पुन्हा सरळ केले आणि म्हणाले, ‘‘वहिनी, मागनं कशी हाय ते छापलंच न्हाय की.’’ मग त्यांनी प्रश्न सांगायला सुरुवात केली आणि मी ते इंग्रजीत दुकानाला लिहायचे असे ठरले. प्रत काढून ठेवायची माझी जुनी सवय, म्हणून ते पत्र अजून माझ्या फायलीत आहे. रिकामी असताना एका अंगाला ओढते का? थांबवली तर थांबते, की माणसाच्या अंगावर येते? दगड आला तर बुजते का? धरणाऱ्याने सगळा भार दांड्यावर टाकला तर पुढचे पाय उचलते का? हा शेवटचा प्रश्न सांगताना दाजींचा आवाज जरा खाली आला. मी चाळीस वर्षांत शिकलेले सगळे इंग्रजी त्या एका पानावर खर्ची घातले. दुकानाचे उत्तर फार सभ्य आले : गाडीत वाळूच्या पिशव्या ठेवून चाचणी घेतलेली आहे, काळजी नसावी. दाजींनी कपाळावर हात मारला. ‘‘वाळूच्या? वाळू रडती व्हय? वाळू मधीच वाकून चप्पल काढून टाकती?’’

खरी अडचण चाकांची होती. पानावर सहा गाड्या चारचाकी होत्या आणि एकच तीनचाकी, पुढे एक मोठे चाक, मागे दोन. मला ती रस्त्याच्या दृष्टीने बरी वाटत होती, पण दाजींनी तिच्याकडे बघायलाच नकार दिला. ‘‘तीन पायांचं जनावर म्हंजे लंगडं. लंगडं कुणी दावणीला आणतं काय?’’ हा हट्ट तीन आठवडे टिकला. मग एका सकाळी ते न कळवता बारामतीला हजर झाले, चपला काढायच्या आधीच म्हणाले, ‘‘तीनचाकीच मागवा.’’ झाले होते ते असे की अंगणात चौरंगावर बसून ते दाढी करत होते आणि चौरंग नेहमीसारखा डुगडुगत होता. म्हणून तो सारून तिवईवर बसले. त्याच अंगणात, त्याच खड्ड्याखळग्यांत तिवई हलेना. दाढी अर्धी ठेवून त्यांनी ती तिवई अंगणभर, गोठ्यात, पार रस्त्याच्या कडेपर्यंत नेऊन बसून बघितली. ‘‘चार पायांतला एक कायम हवेत ऱ्हातोय, वहिनी. तीन पाय कुठंबी टेकत्यात.’’ आजोबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, ‘‘दाजी, दाढी राहिलीय अर्धी.’’ दाजी म्हणाले, ‘‘ती पळून जात न्हाय.’’

शेवटी उंचीचा प्रश्न उरला. दुकानाने दांड्याची उंची सेंटिमीटरमध्ये कळवली होती. दाजींचा सेंटिमीटरवर विश्वास नव्हता. वन्सं उभ्याने ताक घुसळत असताना त्यांनी मागून जाऊन जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. वन्सं दचकून म्हणाल्या, ‘‘माझं माप कशाला घेताय? कासरा बांधताय काय मला?’’ ती सुतळी मी पाकिटात घालून इंग्लंडला पाठवली. तुमचे बाबा, एवढे शिकलेले इंजिनियर, त्या चकचकीत दुकानात गाठीची सुतळी तीनचाकीच्या दांड्याला लावून बघत उभे राहिले. विक्रेतीने काय आहे विचारले, तर म्हणाले, ‘‘आमच्या आत्याच्या यजमानांनी पाठवलंय,’’ आणि तिला ते पुरेसे वाटले.

डिसेंबरात गाडी आली. इंदापूरच्या अंगणात ती उभी केल्यावर दाजींनी, नवा बैल दारात आला की करतात तसे, वन्संना तिच्या चाकांवर पाणी घालायला लावले, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग सईला बसवायचे सोडून त्यांनी तिच्या वजनाची ज्वारी पिशवीत भरली, पट्टे बांधले आणि गल्लीतून निघाले. शेजारची बाई दारातून म्हणाली, ‘‘आबा, बाळ लई गुणाचं हाय वो! रडत न्हाय.’’ दाजी न थांबता म्हणाले, ‘‘ज्वारीचं हाय.’’ दगडावरून नेली, गटारीवरून नेली, दांड्यावर सगळा भार टाकून बघितली. परत येऊन त्यांनी वन्संनाही आधी ज्वारीच फिरवायला सांगितली. तेव्हा मात्र वन्संचा जुना आवाज वर्षभरानंतर बाहेर आला. ‘‘मी काय हमाल हाय? पोरगी बसवा, न्हायतर मी चालले आत!’’

दाजी घाबरले. मीही घाबरले, हे आता कबूल करते. वन्संचा पाय मध्येच अडला तर त्या पडतील, आणि एकदा चारचौघांत पडल्या तर पुन्हा कधीच बाहेर येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही दिसत होते. तुमच्या आईने ज्वारी उतरवली, सईला बसवले आणि दांडा वन्संच्या हातात दिला. वन्सं निघाल्या. दहा पावले मागून दाजी निघाले. त्यांची नजर गाडीवर नव्हती, सईवर नव्हती. ती वन्संच्या डाव्या टाचेवर होती. कोपऱ्याजवळ वन्संनी मान वळवली. ‘‘मागं मागं काय येताय? मला काय बाजारातनं आणलीय व्हय?’’ सगळी गल्ली हसली. दाजी तिथेच उभे राहिले, आणि वन्सं सईला घेऊन वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. त्या परत दिसेपर्यंत दाजींनी तिथे आणून दिलेल्या चहाला हात लावला नाही.

महिनाभर रोज संध्याकाळी हे चालले. मग तुमचा परतीचा दिवस आला. बाबांनी गाडीची घडी घालायला घेतली. दाजी बघत होते, पण मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते. उलट म्हणाले, ‘‘न्या, न्या. पोरीची गाडी हाय.’’ बाबांनी घडी परत उघडली आणि ओट्याला लावून ठेवली. पण पुढे वेगळाच पेच आला. गाडी होती, बाळ नव्हते, आणि वन्सं म्हणाल्या, ‘‘रिकामी गाडी ढकलत हिंडू? लोक खुळी म्हणतील.’’ चार दिवस त्या घरात बसल्या. पाचव्या दिवशी दाजी संध्याकाळी गल्लीत निघाले आणि दारोदार विचारू लागले, ‘‘बाळ मोकळं हाय का?’’ स्वयंपाकाच्या वेळी तान्हे मूल कुणीतरी तासभर सांभाळणार म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल? दाजी बाळही पारखून घेत. फार वळवळे नको, फार जड नको. अर्धी गल्ली त्या गाडीत वाढली. वन्सं प्रत्येक आईला सांगत, ‘‘तुझ्या पोराला वारं लागावं म्हणून नेते गं, न्हायतर मला कुठं वेळ हाय!’’

आता दोघेही नाहीत. इंदापूरला गेले की त्या ओट्यावर मी थोडा वेळ बसते. त्यांच्या पुष्कळ गोष्टी आठवतात, पण एका संध्याकाळची जास्त. वन्सं फेरी मारून आल्या, पलीकडच्या दारात बाळ त्याच्या आईला दिले, गाडी तिथेच सोडली आणि बोलत बोलत रस्ता ओलांडून आमच्याकडे आल्या. हातात काही नव्हते. कशाला धरलेले नव्हते. त्यांना स्वतःला ते कळलेच नाही. मी आनंदाने तोंड उघडले, तेवढ्यात दाजींनी माझ्यासमोर हात आडवा केला आणि कानाशी पुटपुटले, ‘‘बोलू नगा वहिनी. ध्यानात आलं तर पडंल.’’

त्यांनी ते वन्संना कधीच सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी ते नेहमीसारखे चपला घालून गल्लीत बाळ मागायला गेले. वन्सं होत्या तोवर रोज गेले.