खिडकीच्या कट्ट्यावरचा चष्मा

वर्गात शिरण्याआधी नाना खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, कंगवा, तंबाखूची डबी, मोबाइल असं सगळं दाराबाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडायचे, दोन्ही खिसे उलटे करून आम्हाला दाखवायचे आणि मगच आत यायचे. अख्खी नोकरी वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलेली. तिथे फाटकावरच सगळं काढून ठेवावं लागे. नाना निवृत्त झाले, सवय नाही झाली.

जळगावात प्रौढ शिक्षणाच्या एम.ए.ला आम्ही मोजकेच होतो. त्यात प्रौढ म्हणावेत असे एकटे नाना.

मी इंग्रजी शाळेतली. मराठी आकडे बोलताना अडखळते, म्हणून गप्प बसणं मला सोयीचं. नाना मूळचे धुळ्याकडचे. लाडात आले की अहिराणी बोलायचे. सरांनी मला प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "बोल ना बेटा, आठे काही फुटाव नही."

इथे काही फुटणार नाही म्हणे! मी हसायचे. बोलायचे नाही.

"नाना, या वयात एम.ए. कशाला?" मुलं छेडायची.

"कारखान्यातलं बाहेर बोलायचं नाही, बाहेरचं आत बोलायचं नाही. सगळा जन्म मुका गेला. आता गावी जाऊन मोठ्या माणसांचा वर्ग काढणार आणि पोटभर बोलणार. पण एम.ए. झाल्याशिवाय मास्तर कोण म्हणेल? गावात मी अजून 'दगडूना पोऱ्या'च शे!"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गप्पा मारता मारता आपलं सगळं कशावर टांगलंय ते सांगून टाकतात, आणि आपण हसत राहतो.

प्रबंधाचा विषयही त्यांनी तसाच घेतला होता: मोठी माणसं वर्गात गप्प का बसतात?

तोंडी परीक्षेला बाहेरच्या मॅडम आल्या. परीक्षा सगळ्या वर्गासमोरच होती. घाबरलेल्या नानांनी त्या दिवशी शिस्त जरा जास्तच पाळली. वरच्या खिशातला चष्मा आणि पेन ड्राइव्हसुद्धा कट्ट्यावर गेले. शिपाईभाऊंनी ते सगळं बेवारस समजून कपाटात कोंडलं आणि किल्ली घेऊन जेवायला गेले.

नाना प्रबंध हातभर लांब धरून उभे राहिले. मग आणखी लांब.

"अक्षरं दिसत नाहीत, मॅडम."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मग पुढच्या सत्रात या."

नाना प्रबंध मिटू लागले. मी कशी उठले, मला अजून कळलेलं नाही.

"मी वाचू?"

वाचलं. 'एकोणसत्तर'पाशी अडकले, 'सिक्स्टी नाइन' म्हटलं आणि पुढे गेले. दुसऱ्या पानावर नानांनी मला हातानं थांबवलं.

"मॅडम, ही पोरगी दोन वर्षांत वर्गात बोलली नाही. का? चुकलं तर हसतील म्हणून. आत्ता चुकली. कोणी हसलं?"

कोणीच हसलं नव्हतं. मग नाना कागदाविना जे सुटले ते सुटलेच. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "पुरे हो नाना, दिले मार्क!"

आता नाना गावी असतात. तिथे संध्याकाळी वर्ग भरतो. मी कधी त्या वेळी फोन लावते. तो वाजतो, वाजतच राहतो, कोणी उचलत नाही. बरं वाटतं. म्हणजे फोन बाहेर कुठल्यातरी कट्ट्यावर आहे आणि नाना आत बोलतायत.