एका गालाची मागणी

मकरपुऱ्याच्या कारखान्यात उभा जन्म ग्रीस आणि काळ्या तेलात घालवलेला माणूस निवृत्तीनंतर काय करील? मानसिंगराव जगतापांनी साबण करायला घेतला. अंगाचा नव्हे, दाढीचा! बडोद्यातली निम्मी तरुण मंडळी दाढ्या वाढवून हिंडतायत, आणि हे गृहस्थ खोबरेल, एरंडेल नि कोकमाचं तूप पातेल्यात शिजवत बसलेले. वर वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी. ब्रश फिरवला की फेस असा चढायचा की सायीने लाजावं. रोज सकाळी आरशासमोर स्वतःचाच गाल कुरवाळत स्वतःलाच म्हणायचे, "वाह, मानसिंगराव!"

पातेलं मात्र चारुलताबाईंचं. पुरणाचं.

"अहो, काल आमटीला वाळ्याचा वास. आज पोळीला. उद्या मीच फेसाळेन!"

"अगं, पण साबण बघ ना कसला उतरलाय!"

"स्वतःच्या पोराला वाकडं कोण म्हणतं? दिवाळसणाला शुभंकरराव येतायत. त्यांनी वापरून आपल्या तोंडाने मागून घेतला, तर स्वयंपाकघर तुमचं. नाहीतर हा उद्योग बंद. बस ने!"

चिडल्या की बाईंचा निकाल गुजरातीत लागायचा, आणि त्यावर अपील नसायचं.

शुभंकर म्हणजे नवा जावई. लग्नात त्याचा गाल कसा, धुतलेल्या वांग्यासारखा तुकतुकीत! त्या गालावर डोळा ठेवून मानसिंगरावांनी वाटीभर खास साबण मुरवला. दिवाळीच्या आदल्या दिवशी वैष्णवी नवऱ्याला घेऊन दारात उतरली, आणि सासऱ्याचा चेहराच उतरला. जावयाने कंगवा अडकेल अशी दाढी राखली होती.

"कशी दिसते, पप्पा?" लेकीने कौतुकाने विचारलं.

"झकास."

दुसरं काय म्हणणार? दिवाळसणाच्या जावयाला 'आधी दाढी करा' म्हणणारा सासरा अजून जन्माला यायचाय. चारुलताबाईंनी पातेलं नवऱ्याच्या डोळ्यांदेखत चिंचेने घासलं आणि फडताळात ठेवलं. मानसिंगरावांनी साबणाची वाटी ओट्यावर तशीच टाकली आणि न जेवल्यासारखे जेवले.

पहाटे अभ्यंगस्नान. पणत्या लागल्या, पाटाभोवती रांगोळी पडली, जावईबापू पंचा गुंडाळून कुडकुडत बसले. बाईंनी तेल लावलं आणि मिणमिणत्या उजेडात ओट्यावरून वाटी उचलली. रंग उटण्याचा, वास उटण्याचा. वैष्णवीने कालवून ठेवलं असेल, असं समजून त्यांनी पाठीला, छातीला, हौसेने दाढीलासुद्धा सढळ हाताने चोळलं. वर ओतलं कढत पाणी.

"मम्मी, आ शुं छे!" जावई किंचाळला.

मानसिंगराव धावत आले. पाटावर कापसाची गादी बसलेली, आणि तिच्यातून दोन डोळे लुकलुकतायत. बाई चोळतायत, फेस वाढतोय. वैष्णवी हसून हसून दाराला धरून उभी.

मानसिंगरावांनी मनात हात जोडले. एक गाल मागितला होता, देवाने अख्खा जावई दिला!

न्हाऊन माखून शुभंकर फराळाला बसला, तो सारखा दाढीवरून हात फिरवत. "मम्मी, उटणं कुठलं हो? दाढी कशी रेशमासारखी झालीय. जाताना दोन डबे द्या ने!"

चारुलताबाईंनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. सगळं लख्ख कळलं. मानसिंगरावांच्या जिभेवर 'हरलीस!' अगदी नाचत होतं.

"घरचंच आहे," बाई बेधडक म्हणाल्या. "आमच्या माहेरची कृती."

मानसिंगरावांनी आ वासला. मग विचार केला. श्रेय मागावं तर बाई जावयासमोर खोट्या पडणार, आणि मग पैज जिंकूनही स्वयंपाकघर हातचं जायचं. त्यांनी भला मोठा अनारसा तोंडात कोंबला.

पाडव्याच्या आत अख्ख्या गल्लीला जगतापबाईंच्या माहेरच्या उटण्याची खबर होती. कोण सांगत सुटलं, ते वेगळं काय सांगायचं! खुद्द बाईच. शेजारणी डबे घेऊन यायला लागल्या. पातेलं पुन्हा चुलीवर चढलं, मानसिंगराव घाम पुसत ढवळायला लागले, आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला,

"अहो, वाळा जरा हात सैल सोडून घाला! आमच्या माहेरी असली चिकटाई नसते."