डिफेक्ट, डॅमेज आणि दुर्बीणबाई

शर्टांच्या कारखान्यात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे दुर्बीणबाई. मी तिथे तीस वर्षं कापड कापलं. हे नाव कुणी ठेवलं ते मला विचारू नका, संशय घ्यायचाच तर जवळचाच घ्या. तिचं काम शर्ट तपासण्याचं. बटण केसभर सरकलेलं असलं तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. घरी नवरा आला की ती आधी त्याची कॉलर उलटून बघते आणि मग त्याच्याशी बोलते, असं बायका म्हणत. मी फक्त ऐकलेलं सांगतो.

माल परदेशी जायचा, म्हणून चिठ्ठ्या इंग्रजीत. लालवर डिफेक्ट, पिवळीवर डॅमेज. इंग्रजी शाळेतून आलेल्या सुपरवायझरला दोन्ही शब्द एकच वाटत. दहावी झालेल्या दुर्बीणबाईला नाही. नव्या मुलींना ती सांगे, "डिफेक्ट म्हणजे बनवतानाच राहिलेली खोट. डॅमेज म्हणजे चांगल्या वस्तूचं मागाहून झालेलं नुकसान. पहिल्यात शिवणारीला धरायचं, दुसऱ्यात नाही." आणि धरणं म्हणजे साधं धरणं नव्हे. आठवड्यात तीन लाल चिठ्ठ्या लागल्या की मशीन दुसरीला.

तिची धाकटी जाऊ त्याच ओळीत शिवायला होती. जावेला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून बाई तिचे शर्ट जरा जास्तच कडक तपासायची. त्या आठवड्यात जावेच्या दोन शर्टांवर खिशाच्या कडेला तांबूस डाग निघाले. बाईनं खटाखट दोन लाल चिठ्ठ्या टाचल्या. घरी अबोला सुरू झाला. भाजीत मीठ कमी आहे हेही एकमेकींना सासूच्या मार्फत कळवलं जाई.

शुक्रवारी तिसरा शर्ट आला. तोच डाग, तीच जागा. सुपरवायझर टेबलाशीच उभा होता.

"लावा लाल. सोमवारी तिथे दुसरी बसेल."

ती दुसरी म्हणजे त्याची मेव्हणी, हे मी सांगितलं असं कुठे बोलू नका.

एवढी कसली घाई याला, असं वाटून बाईचा हात थांबला. तिनं ब्लेड घेतलं आणि खिशाची शिवण उसवली. डाग टाक्यांच्या दोऱ्यावरही पसरलेला, पण आतली दुमड पांढरीस्वच्छ. कापड आधीच डागाळलेलं असतं तर दुमडीतही तांबूस दिसलं असतं. म्हणजे डाग शर्ट शिवून झाल्यावर पडलेला. ती तडक इस्त्रीच्या टेबलाशी गेली आणि जावेचे शर्ट जिच्याखालून येत त्या वाफेच्या नव्या इस्त्रीखाली पांढरी चिंधी धरली. इस्त्रीनं गंजकं पाणी थुंकलं. ही इस्त्री सुपरवायझरनं स्वतः पसंत करून आणलेली.

बाई परत आली, टोपलीतून आधीचे दोन शर्ट काढले, तेही उसवले. आत पांढरंच. तिचा चेहरा असा तापला की मी कात्री खाली ठेवली.

"तिन्ही डॅमेज आहेत," ती म्हणाली.

"अहो बाई, दोन्हीचा अर्थ खराब. शब्दांत काय ठेवलंय?"

"एक जन्मापासून लंगडा, दुसऱ्याचा पाय तुम्ही मोडलात. चालताना दोघेही सारखेच दिसतात. म्हणून तुम्ही सुटता का?"

"आधीचे दोन डिफेक्ट तुम्हीच लिहिलेत. अक्षर तुमचं आहे."

"माझंच आहे. मीच खोडणार. लाज मला वाटू दे, तुम्ही तुमची इस्त्री सांभाळा."

आवाज ऐकून मालक आले. बाहेर ट्रक उभा होता आणि दुर्बीणबाईच्या शिक्क्याशिवाय एकही खोका हलत नसे. मालकांनी दोघांचं ऐकलं आणि समजूतदार तोंड केलं.

"डिफेक्ट नको, डॅमेज नको. इश्यू लिहा ना. कुणालाच लागणार नाही."

"इश्यू म्हणजे बिनबापाची खराबी, साहेब. आज तिला बाप नाही म्हणालात की उद्या ती पुन्हा शिवणारीच्याच पदरात टाकाल." तिनं शिक्का कमरेला खोचला. "इस्त्री बंद होईल, चिठ्ठ्या पिवळ्या होतील, मग शिक्का."

ट्रकवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. मालकांनी सुपरवायझरकडे बघितलं आणि इस्त्रीचा प्लग स्वतःच्या हातानं काढला. मेव्हणी सोमवारी आली नाही.

बाईनं तीन पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या, वहीत 'आधीच्या दोन तपासण्यांत चूक माझी' असं लिहून खाली सही केली, खोक्यांवर शिक्के मारले आणि जावेच्या मशीनपाशी गेली. जावेनं मान वर केली नाही.

"तुझं मशीन राहिलं," बाई म्हणाली.

"कळलं. पण ताई, पहिलाच शर्ट उसवून का नाही बघितलात? दुसरीचा असता तर उसवला असतात ना?"

ओळीतली मशीनं थांबली. बाईनं खोटं बोलायला हरकत नव्हती, आम्ही सगळ्यांनी ते चालवून घेतलं असतं.

"उसवला असता," ती म्हणाली.

जावेनं पुढचा खिसा सुईखाली सरकवला आणि मशीनचं पेडल इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं.