बियाण्याची जुडी

मुंबईला निघालो तेव्हा आमच्या बिऱ्हाडात आईने जिवापाड जपलेली वस्तू एकच होती, बाजरीच्या कणसांची जुडी. एकोणीसशे साल नुकतंच लागलं होतं. पिंपरी पेंढारला लागोपाठ दोन वर्षं पावसाने तोंड दाखवलं नव्हतं, दावणीचे बैल गेले होते. माळशेज उतरून कल्याणपर्यंत आम्ही पायी चाललो. वडिलांच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, सात वर्षांच्या माझ्या कडेवर तान्हा भाऊ, आणि आईच्या डोक्यावर गोधडीत गुंडाळलेली ती जुडी. घाटात मी वैतागून म्हणाले, "भाऊ पडला तरी चालंल, तुजी कणसं पडाया नगं." आईने पाठीत असा धपाटा घातला की कल्याण येईपर्यंत मी गप्प होते.

ती कणसं बियाण्याची होती. सुगीत चांगली टपोरी कणसं निवडायची, न मळता चुलीवर टांगायची आणि धुरात ठेवायची, म्हणजे कीड लागत नाही. आम्ही पोरं कोंड्याची भाकरी खात होतो तेव्हाही आईने त्यातला दाणा काढला नाही. बियाला तोंड लावणं आमच्याकडं पाप समजत.

त्या जुडीला वडिलांच्या तोंडाळपणाने आणखी वजन आलं होतं. निघताना जमिनीवरून थोरल्या चुलत्याशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. सगळ्या आळीसमोर ते ओरडले, "परत यीन तवा माज्या बियानं पेरीन! मूठभर बी मागाया तुज्या दारात आलो तर मिशी उतरवीन!" मिशी तशी बेताचीच होती, पण शब्द मोठा होता. परत जायचं तर आपल्या बियावर, नाहीतर नाही.

मुंबईत आम्हाला एक खोली मिळाली. दिवसाही तिच्यात दिवा लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसत नसत. वडील गिरणीत लागले. आई दाणाबंदरावर धान्य निवडायला जाऊ लागली. मूठभर धान्य नाकाशी नेलं की ती सांगे, हे पावसात भिजलंय, हे दोन सालांचं आहे, याला कोंदट जागेचा वास लागलाय. मुकादम तिला हाक मारून विचारी, मजुरी मात्र वाढवत नसे. संध्याकाळी ती खोकत घरी येई आणि पहिल्यांदा मान वर करून चुलीवरची जुडी बघे. त्या खोलीत तिचा जीव कधी रमला नाही. "मानूस हितं ऱ्हातं का? नुसतं पडून असतं," असं म्हणायची. झोपताना गावची शिवारं एकेक करून आठवायची, आणि कुठल्या बांधावर बोर आहे ते मला पाठ करायला लावायची.

मला मात्र परत जायचं नव्हतं. कारण सांगायचं तर माझ्या अक्काबद्दल सांगायला हवं.

अक्का माझी थोरली बहीण. अकराव्या वर्षी तिला गावाकडच्याच लोणीला दिली आणि चौदाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणात ती गेली. मूलही गेलं. तिच्या तेराव्याला, सगळ्यांच्या देखत, वडील दाजींना म्हणाले, "नातं तुटायचं न्हाई. धाकटी तुमचीच." मेलेल्या मुलीच्या जागी धाकटी देणं आमच्यात भलेपणाचं मानत. जेवणारे माना डोलवून म्हणाले, बरं केलंत. मी तेव्हा पत्रावळ्या मांडत होते, सहा वर्षांची.

मुंबईतल्या तिसऱ्या चैत्रात दाजी आमच्या खोलीवर आले. माणूस वाईट नव्हता. मोठ्याने बोलायचा नाही, पान खायचा नाही. चहा घेऊन म्हणाला, "पाऊसमान सुधारलंय. मिरगाला या आता. आन् पोरगी बी मोठी झाली." मग त्याने धोतराच्या सोग्यातून अक्काचे चांदीचे वाळे काढून माझ्यापुढे ठेवले. "बघा, व्हत्यात का."

वडिलांनी माझ्या पायात घातले. झाले. नीट बसले.

आई पाठ फिरवून मघाचंच घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसली. वडील म्हणाले, "बी कसं हाय ते बग. उगवत आसंल तर मिरगाच्या आदी निघू." दाजी वाळे माझ्या पायातच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने एका कणसातले दोन विसा, म्हणजे चाळीस दाणे मोजून काढले, ओल्या फडक्यात बांधले आणि पुरचुंडी चुलीशेजारी उबेला ठेवली. तिसऱ्या दिवशी फडकं उघडायचं, मोड मोजायचे. तीन वर्षं या दिवसासाठीच ती धुरात ती कणसं सांभाळत होती. मला म्हणाली, "ध्यान ठेव गं, फडकं सुकू दिऊ नगं." आणि कामाला गेली.

मी अगदी डोळ्यांत तेल घालून ध्यान ठेवलं. भावाच्या अंघोळीचं पाणी चुलीवर खळखळत होतं. त्यातला तांब्या मी उचलला आणि पुरचुंडीवर रिकामा केला. कढत पाण्याने बी मरतं हे शेतकऱ्याच्या पोरीला शिकवावं लागत नाही. मग फडक्यावर गार पाणी शिंपडलं आणि पाय पसरून रडत बसले. रडण्याचं कारण पश्चात्ताप नव्हता. भीती होती, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी वडिलांच्या समोर आईने फडकं सोडलं. एकाही दाण्याला मोड नव्हता. तिने मूठ नाकाशी नेली, सवयीने. पुन्हा एकदा हुंगलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"मेलं," ती म्हणाली. "येक बी न्हाई उगावलं."

वडील भिंतीला टेकून बसले. "दुसऱ्या कणसातलं बग की."

"येकाच धुरातली सारी. ह्ये मेलं तर त्ये काय जित्तं ऱ्हातंय?"

तिने उठून जुडी खाली काढली. सगळी कणसं सुपात चुरली, पाखडली, शेजारणीच्या जात्यावर दळून आणली आणि भाकऱ्या भाजल्या. वडील नुसते बघत राहिले. जेवायला बसलो तर तिने आपलं ताट घेतलं नाही. म्हणाली, "मला आज चतुर्थी हाय." वडील म्हणाले, "चतुर्थी परवा झाली." तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी घातली. आम्ही तिघांनी भाकऱ्या संपवल्या.

आपल्या बियाशिवाय वडील गावात पाऊल टाकणार नव्हते, आणि गावी गेल्याशिवाय माझं लग्न लागणार नव्हतं. आम्ही येत नाही असा निरोप गेला. दाजींच्या घरात चूल पेटवायला माणूस हवंच होतं. त्यांनी ओझरकडची मुलगी केली. वाळे एका पावण्याबरोबर परत गेले. माझं लग्न चार वर्षांनी गिरणीतल्या एका माणसाशी झालं. सुखाचं झालं असं म्हणवत नाही, पण मी जगले, आणि अक्कापेक्षा पुष्कळच जगले. वडील गावाचं नाव काढेनासे झाले. आईने पिंपरी पेंढार पुन्हा पाहिलं नाही. इतकी वर्षं तिच्यापुढे बसताना मला वाटायचं, ही चोरी माझी एकटीची आहे.

धान्याच्या धुळीने तिची छाती भरली होती. शेवटच्या आजारात मी तिचे पाय चेपत होते तेव्हा मला राहवलं नाही. सांगून टाकलं. तांब्याचं, कढत पाण्याचं, सगळं.

ती हसली, मग खोकत राहिली. दम सापडल्यावर म्हणाली, "शिजल्याल्या बाजरीचा वास मला कळत न्हाई व्हय गं? मुकादम मला इचारून पोती घ्यायचा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुज्या बाला नगं म्हनायची माजी छाती नव्हती. तू वाट काडलीस. त्या घरात येक दिली व्हती मी. आनि दुसरी?"

तिने माझा हात धरला. "जुडीतलं बी चांगलं व्हतं. दाना न् दाना उगावला आसता."

मला रडू फुटलं. मी मारले होते ते दोन विसा दाणे. बाकीचं सगळं शेत तिने स्वतःच्या हाताने दळलं होतं, जिवंत, आणि आम्हाला वाढलं होतं.

"रडू नगं," ती म्हणाली. "लई ग्वाड लागली व्हती ती भाकर."

मी हो म्हणाले. त्या भाकरीचा तुकडाही तिने तोंडात घातला नव्हता.