पेटवून पाहिलेली व्होडका

बहिणीला अठ्ठाविसावं लागलं त्या वर्षी टेमघरच्या आमच्या घरात बार झाला. बार म्हणजे भिंतीतलं कपाट. सुताराकडून त्याला काचेची दारं बसवून घेतली, आत आरसा लावला, सहा ग्लास मांडले. लहानपणी बहिणीला देवी आल्या होत्या आणि तोंडभर व्रण ठेवून गेल्या होत्या. चार स्थळं तिला बघून परत गेली. पाचवं वडप्याचं होतं. मध्यस्थ सांगून गेला, "पोराचा मोठा भाऊस जहाजावर हाय. घरान त्याचाच शबुद चालतो. आन् तो व्होडकाच घेतो, दुसरं काय न्हाय."

हे शेवटचं स्थळ, असं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मला झोप लागेना.

आमच्यात मागणीला आलेला पाहुणा कोरडा जात नाही. घरात दारू होतीच म्हणा, बाबांची, गावठी, नवसागर घालून गाळलेली, पहिल्या धारेची. पण जहाजावरच्या माणसापुढं ती ठेवायची मला लाज वाटली. मी लूमच्या कारखान्यात मेहता, कारागिरांची हजेरी घेणारा, स्वतःला मोठा शहाणा समजणारा! आयुष्यात थेंब चाखला नव्हता, तरी परमिट काढलं आणि दुकानात जाऊन उभा राहिलो. दुकानदारानं तीन बाटल्या पुढं ठेवल्या. तिन्हींत पाणीच दिसत होतं.

"कौनसी दूँ, मेहताजी?"

"अच्छीवाली."

"सब अच्छी है."

मला दरदरून घाम फुटला. बहिणीचं लग्न या तीन बाटल्यांपैकी एकीत आहे आणि ती कोणती ते मला कळत नाही, असंच वाटत होतं. शेवटी जिच्या लेबलावर बर्फाचा डोंगर होता ती उचलली. जहाजं थंड देशांत जातात, एवढाच माझा विचार.

रविवारी पाहुणे दुपारी यायचे होते. सकाळी बाबांनी ती बाटली उघडली, बशीत चमचाभर ओतली आणि काडी लावली. दारूची परीक्षा त्यांना ही एकच ठाऊक. निळी जळत राहिली तर खरी. ज्योत आली, थरथरली आणि विझली. बशीत पाणी उरलं.

"फशिवलं रं तुला. निम्मं पानी हाय ह्यान."

मग त्यांनी आपली ओतून पेटवली. ती बशी कोरडी होईपर्यंत जळली.  परत जायला वेळ नव्हता, दुसरी आणली तरी ती खरी कशावरून? बाबा म्हणाले, "थोरी काढ, आपली ओतू त्यान. रंग तर येकच हाय." मी नाही म्हणायला हवं होतं. मी बाटली धरली, त्यांनी ओतली.

पाहुणा, मुलाचा तो जहाजावरचा भाऊ, एकटाच आला. शर्टाची इस्त्री कडक, हातात परदेशी घड्याळ. बार बघून खूष झाला. मी ग्लास भरून दिला. त्यानं आमच्या रिवाजाप्रमाणं बोट बुडवून पितरांच्या नावानं थेंब शिंपडले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा आपल्यातलाच, गावातच वाढलेला आहे. त्यानं बोट नाकाशी नेलं. मग ग्लास.

"नवसागराचा वास येतं," तो म्हणाला. "बाटलीन भेसल केली तुमी?"

बाबा चाचरत काडीच्या परीक्षेचं सांगू लागले. खऱ्या व्होडकातही निम्म्याहून जास्त पाणीच असतं आणि ती अशीच विझते, हे मला फार नंतर कळलं. मी मध्येच काहीतरी बरळलो. तो ऐकेना. "जे पावन्याला फशिवतान, ते अजून काय काय लपवत असतील?" असं म्हणून त्यानं ग्लास ठेवला आणि चपला घातल्या. मी पाया पडायचा बाकी राहिलो होतो. खरं तर पडलोही असतो, पण तो फाटकाबाहेर पोचला होता.

आत बहीण नव्या साडीत बसली होती, तासाभरापूर्वी लावलेली पावडर घामानं ओघळलेली. तिला बाहेर बोलवायचंच राहून गेलं होतं. सगळं घर बाटलीमागं लागलं होतं.

मला तिच्याकडं बघवेना. तीच उठून जवळ आली.

"दादा, माजं तोंड बघून नाय ना गेलं ते?"

मी नाही म्हणालो. तिचा चेहरा इतका खुलला की मला तिथं उभं राहवेना.